आगाऊ

तार्तूत डिसेंबरात साडेतीनलाच काळोख होतो.
नदीनं काठाकाठानं बर्फ धरलंय, मधोमध अजून काळं पाणी,
आणि हेल्यु कांग्रो दुपारपासून
कर्नलमधल्या एका आकड्याकडे बघत बसलीय.

कुणी फाइलचं एक पान मागितलं
की कर्नल पुढची चार आणून ठेवतो.
तीही लागली, तर आठ. मग सोळा. मग बत्तीस.
आगाऊ वाचन म्हणायचं याला.
डिस्क सावकाश, वाचणारा घाईत;
ज्यानं हे लिहिलं त्यानं भल्या मनानंच लिहिलं.
पुढं कुणीतरी, कुठल्याशा मोठ्या यंत्राच्या थाटात,
मर्यादा हजारावर नेली.

पण हा सर्व्हर जुन्या गाण्यांच्या संग्रहाचा.
मेमरी बेताची, आणि लोक सलग कुठं वाचतात?
कुणाला लग्नगाण्यातलं एक कडवं हवं,
कुणाला नुसती गाणारणीच्या गावाची नोंद.
पंगतीतला वाढप्या पानाकडे न बघता
वाढतच सुटतो, तसं चाललेलं:
न मागितलेली पानं येतात, जागा अडवून बसतात,
आणि जे खरंच हवं होतं ते पान
ढकललं जातं बाहेर.
ते पुन्हा आणा. त्याच्यासोबत पुन्हा हजार.
डिस्कचा लाल दिवा विझतच नाही.

संध्याकाळी ती अन्नेलिनला जाते, चौथ्या मजल्यावर.
आर्वेद, तिचा बाप. पीटच्या खाणीत चाळीस वर्षं यंत्र चालवलं;
एप्रिलमधल्या झटक्यानंतर शब्द त्याच्यापाशी
उशिरा येतात, कधी वाटेतूनच परततात.
"मला ते..."
त्यांच्या भाषेत लिंगच नाही,
'ते'वरून काही म्हणजे काही ताडता येत नाही.
"चहा? चष्मा? पेपर? गार वाटतंय, शाल देऊ?"
म्हणता म्हणता सगळं टेबलावर.
टेबल केवढं, तर ट्रेएवढं.
गोळ्यांची डबी कडेवरून खाली.
बापानं डोळे मिटले.

वाकून गोळ्या वेचताना तिला हसू फुटलं,
आणि लगेच घशाशी काहीतरी आलं.

मग एकेक वस्तू तिनं जागच्या जागी नेऊन ठेवली,
समोर बसली, हात मांडीखाली दाबून,
ओठावरचे शब्द दातांनी धरून.
फ्रिज गुरगुरला, थांबला.
खाली एक बस येऊन गेली. दुसरीही.
"दिवा," तो म्हणाला.
बऱ्याच वेळानं: "घालव."

हे तिच्या कुठल्या यादीत आलं असतं?
दिवा गेला तशी खिडकी भरून आली;
समोरच्या इमारतीच्या छपरावर कुणीतरी
फावड्यानं बर्फ लोटत होतं.
बाप बघत राहिला,
त्या माणसाचा हात चुकतोय, असं मान हलवून सांगत.

रात्री तिनं मर्यादा उतरवली:
मेमरी भरत आली की चारच पानं,
आणि आणलेलं न वाचताच टाकावं लागलं
तर तीही नकोत.
वर एका ओळीत कारण लिहिलं, कोरडं, आकड्यांचं.
बापाचं नाव त्यात नाही.

सोमवारी राइवो तक्रार करणार:
रात्रीची मोठी प्रत आता अकरा मिनिटं उशिरा संपते.
संपू दे.
लाल दिवा मधूनमधून
विझतोय.