कोंब

डॉक्टर हिरेमठांनी शिंगावर बोटानं टकटक केलं,
कान लावला, बाजारात कलिंगडाला लावतात तसा,
आणि माझ्या वडिलांना म्हणाले, कोंबु तेगीबेकु.

मी नंदगडच्या गुरांच्या दवाखान्याच्या पायरीवर,
आठ वर्षांची.
मला वाटलं, लुमाण्णाच्या बैलाच्या डोक्यात काहीतरी उगवलंय,
ते उपटायचंय.
आमच्याकडे कोंब म्हणजे कांद्याला फुटतो तो,
फडक्यात बांधून विसरलेल्या मटकीला फुटतो तो.
डॉक्टरांच्या घरी कोंबु म्हणजे शिंग.
मध्ये एवढासा उकार,
त्याच्यावरून कुणी अजून भांडलेलं नव्हतं.

चार माणसं, दोन कासरे, तारेची करवत.
शिंग पडलं तेव्हा आत
फुलकोबीसारखा लाल गड्डा.
म्हणजे माझंच बरोबर होतं.

बेंदराला लुमाण्णानं रंग आणला, नेहमीएवढाच.
निम्मा उरला.
तो त्यानं गोठ्याच्या दाराला फासला,
मग दार बघून जरा वेळ गप्प बसला.
खानापूरच्या बाजारात दलाल रुमालाखाली हातसुद्धा घालेना.

वडील त्याला समजवायचे.
एकशिंगी म्हणजे उणा नव्हे लुमाण्णा,
प्रलयात मनूची होडी ओढली त्या माशाला एकच शिंग होतं.
हरणीच्या पोटचा ऋष्यशृंग,
तो नुसता गावात शिरला तर पाऊस पडला.
आपल्या हलशीच्या देवळातला वराह,
त्याचंही पोथीत एक नाव एकशृंग.

लुमाण्णा म्हणायचा, देवांचं ठीक आहे कंपोंडर,
त्यांना म्होरकी घालायची नसते.
याची उजवीकडं घसरते.

माशाच्या शिंगाला तर अख्खी होडी बांधलेली!

मग गाठ कसली मारली होती,
तेवढं विचारून या.

माघात खळ्यावर भाताची राखण.
वडिलांनी हात वर केला.
ती मृगाची काक्षी, तो खाली व्याध, इकडं प्रश्वा.
तिघांचा त्रिकोण कर.
आत बघ. शृंगाश्व.
कपाळावर एक शिंग असलेला घोडा.

लुमाण्णानं बघितलं. मी बघितलं.
आत काळोख होता, निवडलेल्या तांदळासारखा स्वच्छ.

काय नाही तिथं.

फिकट आहे रे. नकाशात आहे.

लुमाण्णा इतका हसला की पेंढ्यावरून घसरला.
नकाशात आहे म्हणं!
कंपोंडर, नकाशाचं तुम्ही
आम्हांस्नी सांगू नका.

बैल बाजूला फणसाला डोकं घासत होता,
उजवी बाजू.
शिंग असतं तर जिथं लागलं असतं
तिथं साल शाबूत,
आणि तो घासतच होता.

वडील गेले. डॉक्टर बदलून रायचूरकडं.
लुमाण्णाचं काय झालं, मला नीट माहीत नाही.
दारावरचा रंग मात्र पुष्कळ वर्षं टिकला, असं ऐकलं.

परवा टिळकवाडीत रात्री वीज गेली.
गच्चीवर गेले, गुडघे धरत.
काक्षी, व्याध, प्रश्वा.
आत काहीच नाही.
तरी उभी राहिले बराच वेळ,
मटकीवरचं ओलं फडकं
एका कोपऱ्यानं उचलून बघावं
तशी.