पिवळं कपाट

जानेवारीत सारेमा बेटावर चारलाच अंधारतं.
खाडी गोठलेली, होड्यांचे सांगाडे शेडमध्ये उताणे,
आणि राळेचा वास असा, की घरी गेल्यावर
आई म्हणायची, आधी केस धू, मग बोल.

मी एकोणीस वर्षांचा, नवा.
कोठार वाइकेच्या ताब्यात.
गळ्यात दोरा, दोऱ्याला किल्ली,
डाव्या भुवईच्या जागी गुळगुळीत कातडी.
त्याबद्दल कुणी विचारत नसे. मीही नाही.

दिवसाला लागेल तेवढंच बाहेर, उरलं की परत.
पिंपातून डब्यात ओतताना दोघांना जोडून तांब्याची तार:
देणारा आणि घेणारा यांच्यात तुटक नको, म्हणायची.
लोकरीचा स्वेटर काढून ये,
कोरड्या हवेत तुझ्या बाहीतही वीज असते.
आणि जवसतेलाची बोळी झाकणाच्या लोखंडी बादलीत,
चुरगळून टाकलीस तर आपली आपणच तापत बसतात
मनात धरून बसलेल्या माणसासारखी.

त्या दिवशी बर्फ गुडघाभर.
कोठारापर्यंत नव्वद पावलं.
मी ज्यूसच्या बाटलीत अर्धा लिटर अ‍ॅसिटोन भरलं,
बाकाखाली सरकवलं.
सकाळी लागणारच होतं.

वाफ वर जात नाही,
धुरासारखा स्वतःचा गाजावाजा करत नाही.
जमिनीलगत सरपटते, फटी चाचपते,
खोलगट जागी बसून राहते,
हीटर सुरू व्हायची वाट बघत.

हीटर साडेचारला आपोआप लागायचा.
चार पंचविसाला वाइके दारात थबकली.
"दिवा लावू नकोस."
माझं बोट बटणावर होतं.

दंडाला धरून तिनं मला बाहेर ओढलं,
बाहेरच्या भिंतीवरचा मेन खाली पाडला,
दोन्ही मोठी दारं सताड उघडली.
अर्धा तास आम्ही बर्फात उभे,
मी स्वेटरशिवाय.
एकही शब्द नाही.

मग ती आत गेली, बाटली घेऊन आली.
झाकण तिरकं बसलेलं. वर संत्र्याचं चित्र.
"यूरीचा पोरगा शाळा सुटली की इथे येतो," ती म्हणाली.
"त्याला तहान लागते."

एवढंच. यापेक्षा थोबाडीत मारली असती तर बरं.

नव्वद पावलं. पिवळं कपाट.
दाराला एक टाका आहे, उष्णतेनं वितळणारा,
आग लागली की दार आपोआप मिटतं, तिनं दाखवलं.
"पण वस्तू आत ठेवायला माणूसच लागतो."
वहीत लिहिलं: अ‍ॅसिटोन, अर्धा लिटर, परत, पाच वाजून तीन मिनिटं.
कारणाचा रकाना कोराच सोडला.

आता किल्ली माझ्या गळ्यात. भुवया दोन्ही शाबूत.
परवा नवी लेएलो कुरकुरली,
एवढ्या लांब कशाला, शेडमध्येच ठेवू ना.
मी म्हटलं,
आधी स्वेटर काढ.