खिशातला कांदा

निवृत्ती पिंपळगावच्या मार्केटात हमाल.
पहाटे निघताना
खुंटीवरच्या माझ्या खाकी पँटच्या खिशात
एक कांदा सरकवून जातो.
"ऊन बाधत नाही," म्हणतो.
माझा विश्वास नाही, पण मी काढूनही ठेवत नाही.
दिवसभर मांडीला एक गोल गाठ लागत राहते,
घरून कुणी बोट टेकवून उभं असल्यासारखी.

द्वारका चौक, दुपारचे दोन.
डांबर बुटाचा तळवा सोडत नाही.
धुळ्याचे ट्रक, मुंबईचे ट्रक, पुण्याची एसटी,
सगळ्यांचा धूर माझ्याच शिट्टीतून आत जातो.
रिक्षावाले इंगळे काका रोज सांगतात,
"मॅडम, आमच्या नाशकात पूर्वी पंखा लागायचा नाही,"
आणि सांगता सांगता ओल्या पंचाने मान पुसतात.

तहानेची वाट बघायची नाही, एवढं मी शिकलेय.
मीठ-साखरेचं पाणी, थोडं थोडं, सारखं.
बाटलीला निवृत्तीचा जुना मोजा, भिजवलेला.
साहेब नाक मुरडतात,
आणि तीन वाजता त्याच बाटलीतलं मागतात.
पुलाच्या खांबाची सावली सरकते
तशी मी सरकते.

त्या दिवशी सिग्नल हिरवा झाला
आणि एक पोरगा निघालाच नाही.
मागे भोंगे.
पाठीवर चौकोनी पिशवी, डोकं हँडलवर.
मी मनगट धरलं.
तव्यासारखं. आणि कोरडं.
घाम असता तर इतकी घाबरले नसते.

मी खांदे धरले, काकांनी पाय.
सावलीत आडवा केला, बटणं तोडली, १०८ लावला.
गर्दी जमली, गर्दीतले डॉक्टरही जमले.
"पाणी पाजा!"
शुद्ध नाही हो त्याला, घशात अडकेल.
"चप्पल हुंगवा!"
"कांदा हुंगवा, कांदा! कुणाकडे कांदा आहे का?"

पन्नास माणसांत कांदेवाली मी एकटी.
गप्प राहिले.
"वारा येऊ द्या," म्हटलं, "आणि पाणी त्याच्या अंगावर ओता."
मोजा पिळून कपाळावर ठेवला.
काका कुणाच्या तरी लग्नपत्रिकेने वारा घालू लागले.
मग पिशवी उघडली.
आत आईस्क्रीमचे दोन फॅमिली पॅक.
एक ह्या काखेत, एक त्या काखेत.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला.
गंगापूर रोडवरच्या बाई, आवाज चढलेला:
"माझं आईस्क्रीम कुठे आहे?"
"काखेत," मी म्हटलं.
पुढे काय सांगावं सुचेना, फोन काकांकडे दिला.

अॅम्ब्युलन्स येईपर्यंत त्याची पापणी हलली.
नाव तौफिक, राहणार वडाळा.
पहिला शब्द, "ऑर्डर?"
"पोचली," काका म्हणाले.
खोटं बोलताना त्यांनी पंचा तोंडाला लावला.

रात्री निवृत्तीला सगळं सांगितलं.
त्याने आईस्क्रीमचं ऐकलं, मोज्याचं ऐकलं,
आणि विचारलं,
"कांदा होता ना खिशात?"
"होता."
"मग!"
एवढंच म्हणून त्याने मागितला,
पाटाच्या कडेवर ठेवून बुक्की मारली,
अर्धा माझ्या भाकरीवर टाकला.

अजून कोमट होता.