हमीपत्र

पत्र उशिरा आलं, दसऱ्यानंतर.
नाना जिनिंगवर होते. सायकलवरून नेलं,
सरकीच्या धुळीत उभी राहून ओरडून वाचलं:
या वर्षी जागा नाही.
पण दोन वर्षं तुमच्याच गावी शिका,
सरासरी साडेआठच्या खाली उतरू देऊ नका,
एकही विषय मागे राहू देऊ नका,
मग तिसऱ्या वर्षाला आमच्याकडे तुमची जागा पक्की.
हमी, असा शब्द होता. ठळक.

नानांनी हात पँटला पुसले, पण कागद धरला नाही.
पंधरा हंगाम ते ओलावा मोजायचं यंत्र
लोकांच्या कापसात खुपसत आलेत.
हमीभावाचा फलक त्यांच्या डोक्यावरच टांगलेला.
आठ टक्क्यांपर्यंत पूरा भाव, बाराच्या वर गाडी परत.
"हमी से," म्हणाले, "पन वल देखीसन."
आणि पुढच्या गाडीकडं वळले.

चोपड्याच्या कॉलेजात मग दोन वर्षं
मी पाहुणीसारखी बसले.
आता सांगताना लाज वाटते.
गॅदरिंगला नाव दिलं नाही,
कुणी विचारलं, कुठं असतेस, तर
उत्तराआधी "सध्या" लावायचे.
बऱ्हाटे मॅडम इंटिग्रेशन सोडवता सोडवता
रस्त्यावरून केळीचा ट्रक गेला की थांबायच्या,
खडू हवेत,
आवाज विरला की त्याच चिन्हापासून पुढं.
मी तेव्हा फक्त उत्तर उतरवून घेतलं.

मोहिनी पावराला पण तेच पत्र होतं.
वैजापूरहून पहिल्या एसटीनं यायची,
आमच्या दोघींची सरासरी
तिकिटाच्या पाठीवर मांडून आणायची.
तिसऱ्या सत्रात मी आठ पॉइंट एकला आले,
तेव्हा तिनंच मला लॅबच्या पायरीवर बसवलं,
ओढणीतल्या शेंगा ओतल्या.
"मोठी लाट म्हणजे लहान लाटांची बेरीज.
घाबरू नको. फोड."
शेंगा संपल्या, फुरिए थोडा कळला,
टरफलं शिपायानं आम्हालाच झाडायला लावली.

निकाल मे महिन्यात. पंचेचाळीस डिग्री.
माझा फोन तापून बंद पडला,
म्हणून तिच्या फोनवर.
तिनं आधी माझा आकडा टाकला.
आठ पॉइंट सहा.
मग तिचा.
आठ पॉइंट चार सात.
पान पुन्हा उघडून बघितलं. तेवढेच.
"चल," म्हणाली, "बस जाईल."

कुणी फसवलं नाही.
त्यांनी पत्रातलं अक्षर न् अक्षर पाळलं,
तिच्या बाबतीतसुद्धा.

जूनमध्ये ऑफिसात नेहेतेभाऊंनी
मायग्रेशनचा फॉर्म भरला.
कॉलेज सोडण्याचं कारण, या रकान्यात
"पुढील शिक्षण" लिहून त्यांनी वर बघितलं:
"इथं काय मागचं होतं का मग?"
हसले. मी पण हसले, जरा उशिरा.
शिक्क्याचं पॅड वाळून गेलेलं;
माठातल्या पाण्याचे दोन थेंब टाकून
त्यांनी दाबून उठवला शिक्का.

जिनिंग बंद होतं. हंगाम संपलेला.
नाना ओट्यावर बसून
यंत्रातले सेल काढून डब्यात ठेवत होते.
या वेळी त्यांनी कागद घेतला,
जसा कापसाचा पेळू घेतात, दोन बोटांत.
शिक्क्यावर अंगठा फिरवला.
"वल से आजून. घडी नको करू."

मग बऱ्याच वेळानं:
"अन् ती मोहिनी?"

मी सांगितलं, तीन शतांश.

साडेबाराला किती गाड्या परत लावल्या
हे नानांनी घरी कधी सांगितलेलं नाही.
आजही नाही सांगितलं.
डब्याचं झाकण नीट बसत नव्हतं,
ते काढून पुन्हा लावलं,
पुन्हा काढलं.