दहावा तुकडा

डिसेंबरात पुरलं, फेब्रुवारीत काढलं.
पांढरं सुती कापड, एकाच ताग्यातले दहा तुकडे,
किटवेच्या बाजारातून आणलेले.
दुकानदारानं भाव केला नाही.
त्याला वाटलं, आमच्यात कुणी गेलंय.

नदीकाठच्या मळ्यात खणलं
तेव्हा कापड असं उरलंच नव्हतं.
कडेची नायलॉनची शिवण तेवढी,
आणि काळी ओल, तिला कुजल्याचा गोडसर वास.
पंगत उठून गेली होती.
चिमूटभर मातीत कोट्यवधी तोंडं,
एकाचंही नाव मला ठाऊक नाही.

धुराड्याच्या वाऱ्याखालचं मात्र
ठेवलं तसं.
झटकलं, माती गळून पडली.
घडीच्या रेघासुद्धा जागच्या जागी.
मुसोंडा, शिकाऊ पोरगा, हरखला :
"धुतलं की नवंच की हो!"
मी वहीत वजन लिहिलं. घट जवळजवळ नाही.
दुखणाईत गाय गव्हाणीत तोंड घालत नाही,
पुढ्यातलं पुढ्यात राहतं,
तशी ही माती.

बाना कासोंडे कुंपणापाशी उभी होती,
कमरेला बांधलेल्या चितेंगेला हात पुसत.
"म्हणजे चांगलं की वाईट?"
तिच्या मागं मका गुडघ्याएवढा होऊन थांबलेला,
पानं शिरांमधून पिवळी,
आणि मक्यानं सोडलेल्या जागेत ते फूल :
फिकट जांभळं, नखाएवढं,
तुळशीची लांबची बहीण.
दुसरं काही तग धरत नाही तिथं हे खुशाल.

आजोबांनी याच फुलाच्या मागानं
गोऱ्या भूमापकाला टेकडीवर नेलं होतं.
फुलाखाली तांबं निघालं.
आजोबांना एक ब्लँकेट मिळालं, लाल, काठाला काळा पट्टा.
थंडीत ते वापरत नसत, खराब होईल म्हणून.

तेव्हा हे फूल टेकडीवरच असायचं.
आता शाळेच्या मैदानाच्या कडेला,
दवाखान्याच्या गटारापाशी,
बानाच्या न्हाणीमागं.
मी नकाशावर टिंबं मांडत जाते.
टिंबं वाऱ्याच्या दिशेनं सरकतात.

"वाईट," मी म्हटलं.
ती कापड बोटांत चोळून बघत राहिली.
"मग हे मला दे. नातीला झबलं होईल."
नमुना आहे, देता येत नाही, असं म्हणताना
मला माझाच आवाज कुण्या साहेबाचा वाटला.

अहवालात नऊच तुकडे आहेत.
वरून विचारणा झाली, दहावा कुठंय?
हरवला, असं मी कळवलंय.

तो दफनभूमीत आहे, धुराड्याच्या वाऱ्याखाली,
आजोबांच्या उशापासून हातभर अंतरावर.
मीच पुरला. जागेवर खूण आहे.
आजोबांना त्या लाल ब्लँकेटमध्येच गुंडाळलं होतं,
बावीस वर्षं झाली.
फावडं घेऊन दोनदा जाऊन आले.
तिथंही ते फूल आलंय.