लेस

ससून डॉकहून निघालो तेव्हा रात्रीचे साडेआठ.
चौघं: मी, शलाका तोरसकर, हबीब मुकादम,
आणि सगळ्यांच्या पुढे लहानू भुरकुड.
उजाडता कान्हेरीच्या लेण्यांशी पोचायचं.
कशाला, मुलाने विचारलं.
मी म्हटलं, जाऊन येते.

लालबागपर्यंत तोंडं चालू होती,
कुणाचं बायपास, कुणाची सून, कुणाचा रखडलेला ताबा.
दादरला बोलणं पातळ झालं.
माहीमच्या पुलावर, खाडीच्या वासात, संपलंच.
मग उरला तळव्यांचा आवाज,
आधी चौघांचा चार तऱ्हांचा,
आणि कधीतरी, कुणी न ठरवता, एकच.

पार्ल्यानंतर मी माझं नाव विसरले नाही,
पण ते लागत नव्हतं.
लागत होती टाच, घोटा, खुबा,
दहा पावलं पुढची जमीन चाचपणारी नजर.
गोरेगावात एका बंद गॅरेजमागून काहीतरी गुरगुरलं.
कुत्रंच होतं.
पण माझ्या मानेवर जे ताठ उभं राहिलं
ते अठ्ठावन्न वर्षांचं नव्हतं.

कांदिवलीला चहा. लहानूने खिशातून एक गारगोटी काढली,
सुपारीपेक्षा जराशी मोठी, एका अंगाला धार.
त्याच्या बापाला इथेच मिळालेली,
कुठल्याशा टॉवरचा पाया खणताना.
बाप तिच्याने बोंबील साफ करायचा,
पण म्हणे त्याच्या हातात ती कधी नीट बसली नाही.
हबीबच्याही नाही बसली.
मी डाव्या हातात घेतली.
अंगठा आपणहून त्या खळग्यात गेला,
जसा स्वतःच्या घरात जातो दिव्याच्या बटणापाशी.
परत देताना मला दोनदा उघडावी लागली मूठ.

एक सांगायचं राहिलं.
वांद्र्यापासून मी मागे पडत होते, टाच फोडाने भरलेली,
आणि दर मैलाला लहानू थांबायचा,
वाकायचा, बुटाची लेस बांधायचा.
मी पोचले की उठायचा, चालू लागायचा.
मनात म्हटलं, पन्नास रुपयांची लेस घेत का नाही हा माणूस?
बोरिवलीच्या फाटकापाशी, दिव्याखाली, नीट पाहिलं.
त्याच्या पायात चपला होत्या.

तेव्हापासून विचार करते आहे,
लेस नव्हती त्या काळी काय करत असतील?
काटा नसलेल्या तळव्यातून काटा काढत असतील.
कोरड्या वाळूत माग पाहत असतील कुठल्या न गेलेल्या हरणाचा.
आभाळाकडे बघून उगाच म्हणत असतील, थांबा जरा.
आणि मागून येत असेल कुणी
लंगडं, पोटुशी, म्हातारं, किंवा नुसतंच हळू.
जे झपाझप गेले ते गेले.
आपण त्या थांबलेल्यांचे.
नाहीतर थांबण्याला आपल्या भाषेत
वाट पाहणं कशाला म्हटलं असतं?
ज्याने तो शब्द केला
तो उंबऱ्यात बसलेला नव्हता.
तो रस्त्यात उभा होता, तोंड मागे करून.

सकाळी फाटक उघडलं. शेवटचे सहा-सात किलोमीटर जंगलातून,
डोक्यावर माकडं, थंडीने पायाखाली पानं ओली.
कातळातल्या पायऱ्या चढताना पाहिलं,
शलाका खूप खाली राहिलेली,
एका हाताने गुडघा धरून, वर न बघता.
मी वाकले.
लेस घट्ट होती.
सोडली, पुन्हा बांधायला घेतली, चांगली सावकाश,
बोटांना तेवढंच ठाऊक असल्यासारखी.
समोर पाण्याचं टाकं, त्यात हिरवं शेवाळ
आणि कुणाचा तरी निळा प्लास्टिकचा मग.

धापा ऐकू आल्या. मग तिचा आवाज:
नाटकं पुरे झाली, पाणी दे.