दाणी

विमान साडेतीन तास उशिरा उतरलं, धुक्यामुळे.
खिडकीतून फोटो काढू नका, दोनदा सांगितलं गेलं.
पलीकडे लढाऊ विमानं, ताडपत्रीखाली,
लग्न उरकल्यावर झाकून ठेवलेल्या पातेल्यांसारखी.

नवीकोरी इमारत, आणि केवढी!
उतरलो आम्ही त्रेसष्ट.
मी मोजते. बँकेच्या शाखा तपासत फिरण्यात
बावीस वर्षं गेली, आता जिनेही मोजूनच चढते.
सामानाच्या पट्ट्यावर एक पोतं,
सुतळीनं शिवलेलं, माझ्यासमोरून चारदा गेलं.
मालक नाही.
ग्वाल्हेरला पोतं घेऊन विमानानं कोण येतं?

बाहेर कठड्याला टेकून पाट्या.
कुणी गुप्ताजी, कुणाच्या लग्नाचे पाहुणे,
आणि एक पुठ्ठा, लाल शाईत: दानी.
म्हटलं असेल कुणी धर्मशाळेचा देणगीदार.
पुढे गेले.

शाखेतून माणूस यायचा होता. आला नाही.
मोबाइलमध्ये तीन टक्के, मग दोन.
गर्दी पांगली. गुप्ताजी गेले, वऱ्हाड गेलं.
खांबाशी मी, कठड्याशी तो पुठ्ठेवाला.
त्यानं जांभई दिली.
मग मला आली.

टॅक्सीच्या खिडकीवर दरपत्रक:
किल्ला, राजवाडा, तानसेनचा मकबरा.
पाटणकर बाजाराला जायचंय, म्हटलं.
"उधर देखने का क्या है, मैडम?"
सातशे रुपये. नको.
झाडूवाल्या बाईनं हनुवटीनं रस्ता दाखवला,
बॅगेची चाकं डांबरावर कुरकुरत फाटकाबाहेर आली.

ई-रिक्षा, गोले का मंदिरपर्यंत.
शेजारीण कुकर मांडीवर घेऊन बसलेली,
शिट्टी वाजत नाही म्हणे, महिना झाला,
नवरा वरण कच्चं म्हणून उठून जातो.
पुढे टेंपो. दाराला लटकलेला पोरगा ओरडत होता
पड़ाव, फूलबाग, नदी गेट, बाड़ा,
आणि उजवीकडे किल्ला,
आम्ही कितीही पुढे गेलो तरी उजवीकडेच,
न बोलता हिशेब बघत उभ्या साहेबासारखा.

बाड्याच्या अलीकडे दुकानांच्या पाट्या वाचू लागले.
चिटनीस की गोठ.
पाटनकर बाजार.
दर पाटीला मी मनात ण बसवत होते,
खिळा निघालेल्या चौकटीत खिळा ठोकावा तसा.
कोण कुठले चिटणीस, कधी आले, कशावर बसून,
आल्यावर त्यांना न्यायला कुणी उभं होतं का?

पोरगा तीस म्हणाला. मी वीस.
भर रस्त्यात घासाघीस, मागचे हॉर्न वाजवतायत.
वीसच दिले, आणि वर पावती मागितली.
अख्खा टेंपो हसला.
त्यानं गजकच्या खोक्याचं झाकण फाडलं,
पेन कानामागून काढलं:
"नाम?"
"दाणी."

लिहिलं त्यानं.
दानी, बीस रुपये.
खाली सही, उंटासारखी.

टेंपो गेला. मी झाकण धरून उभी.
विमानतळावरची लाल शाई
इतक्या उशिरा डोळ्यांत उतरली.

गजकवाल्याच्या फोनवरून शाखेत फोन केला.
सोबरन सिंह अजून तिथेच, कठड्याशी.
सकाळी आठपासून.
आता दीड वाजलेला.

पाऊण तासानं तो आला. चिडला नाही, तेच वाईट.
"हमने तो नाम सही लिखा था ना?"
हो म्हटलं.
पाव किलो गजक त्याच्या हातात दिली,
चांगली, तुपातली.
ती प्रवासखर्चात धरलेली नाही.

मागच्या सीटवर तो पुठ्ठा पडला होता.
उचलून मांडीवर घेतला
आणि बसले.